दमेकऱ्याने धावावे काय?



ज्या मुलाला दमा आहे त्याने धावू नये, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शाळेच्या मैदानावर खो-खोचा डाव रंगलेला असावा आणि अशा मुलाने कडेला बसून इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळावी, हे दृश्य कोणालाच नवे नाही. यात घरच्या वडीलधाऱ्यांस दोष देण्याचे कारण नाही. धावून आलेल्या मुलाची छाती सूं सूं वाजते, त्याला खोकल्याची उबळ येते, चार शब्द सलग बोलता येत नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते; आणि ज्यापासून त्रास होतो ते वर्ज्य करावे, हा साधा व्यवहार ते पाळीत असतात. परंतु या व्यवहाराने मुलाचे दोन प्रकारे नुकसान होते. खेळ बंद झाल्याने धाप दिसेनाशी होते, पण दमा जेथल्या तेथे राहतो, आणि तो आटोक्यात आला असा खोटा भरवसा घरात निर्माण होतो, हे एक. दुसरे असे की, न हलणारे शरीर दिवसेंदिवस दुर्बल होत जाते आणि पुढे जिना चढण्याएवढ्या श्रमानेही दम लागू लागतो. म्हणून व्यायामाने येणारी ही धाप म्हणजे नेमके काय, ती का येते आणि तिला आवर कसा घालावा, याचा विचार आज आपण करू.

प्रथम धाप का लागते ते पाहू. आपण स्वस्थ बसलेले असताना नाकावाटे श्वास घेतो. नाक ही नुसती वाट नव्हे. बाहेरची कोरडी वा थंड हवा तेथे ऊबदार होते, ओलसर होते, धूळ गाळली जाते आणि मगच ती फुप्फुसांकडे जाते. बसल्या जागी प्रौढ मनुष्यास मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा पुरते. जोराने धावू लागल्यावर हीच गरज दहापटीने आणि त्याहूनही अधिक वाढते. एवढी हवा एकट्या नाकातून घेता येत नाही. तोंड उघडावेच लागते. मग कोरडी हवा थेट श्वासनलिकांत जाऊन पोहोचते आणि तेथील अस्तरावर जो पातळ, ओला थर असतो त्यातील पाणी उडू लागते.

गोव्यातील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचा भाग समजावयास अडचण पडणार नाही. वाफ्यातले पाणी उन्हावाऱ्याने उडून गेले म्हणजे मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. श्वासनलिकेच्या अस्तरावरही असेच घडते. पाणी उडाल्याने तेथील द्राव दाट व खारट होतो. हा फरक अस्तरातील विशिष्ट पेशींना सहन होत नाही आणि त्या हिस्टामाइन, ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये बाहेर टाकतात. त्या द्रव्यांमुळे श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर सुजते आणि वाट अरुंद होते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ सँड्रा अँडरसन यांनी पुढे मांडलेली ही उपपत्ती आज बहुतांशी मान्य झालेली आहे. यात हवेच्या थंडपणाचाही हात असतो, परंतु मुख्य अपराधी म्हणजे कोरडेपणा. ज्यांचा दमा मुळात नीट आटोक्यात नाही त्यांच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या व हुळहुळ्या असतात. त्यांना हे निमित्त सहज पुरते.

आता ही धाप ओळखावी कशी? धावल्यावर दम सर्वांनाच लागतो. निरोगी मनुष्य थांबला की दोन-चार मिनिटांत त्याचा श्वास ठिकाणावर येतो. दमेकऱ्याचे याच्या उलट असते. त्याचा त्रास बहुधा थांबल्यानंतर वाढतो. थांबल्यापासून पाच ते दहा मिनिटांत तो सर्वांत अधिक होतो आणि अर्ध्या तासाने ते तासाभराने आपोआप ओसरतो. छातीत शिट्टीसारखा आवाज, छाती आवळल्यासारखे वाटणे, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे होत. लहान मुले मात्र हे असे नेमके सांगत नाहीत. कोणी नुसतेच खोकते. कोणी छातीत दुखते म्हणते. कोणी खेळण्याची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून घरात बसते, आणि घरची माणसे त्याला आळशी ठरवितात. मूल आळशी आहे असे म्हणण्यापूर्वी खेळून आल्यावर पाव तास त्याच्या जवळ बसून त्याचा श्वास ऐकावा, एवढी विनंती मी प्रत्येक आईबापांस करीन.

निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. फुंकर मारण्याच्या यंत्रावर, म्हणजे स्पायरोमीटरवर, प्रथम विश्रांतीत श्वासाचा जोर मोजतात. मग सहा ते आठ मिनिटे जोराने धावावयास लावून पुन्हा काही वेळा मोजतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के वा अधिक घटली, तर श्वासनलिका आवळल्याचा पुरावा मिळतो. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण धाप लागण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. अंगात रक्त कमी असले तरी धाप लागते. काहींच्या बाबतीत दोष फुप्फुसांत नसून कंठात असतो. धावण्याच्या ऐन भरात स्वरतंतू जवळ येतात, श्वास आत घेताना घशात आवाज होतो आणि थांबताच लवकर बरे वाटते. अशांना दम्याच्या औषधाचा काहीच उपयोग होत नाही. आणि श्रमाबरोबर छातीत दुखणे, घेरी येणे, छातीची धडधड वेडीवाकडी होणे, ही लक्षणे असली तर प्रथम हृदयाची तपासणी करावी; विशेषतः चाळिशी उलटलेल्यांनी याला दमा समजून स्वस्थ बसू नये.

दमेकरी मनुष्य मैदान गाजवू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर ऑलिंपिकच्या इतिहासानेच देऊन ठेवले आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धांपूर्वी अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा विकार असल्याचे आढळले. या ६७ खेळाडूंनी मिळून ४१ पदके मिळविली. अमेरिकेच्याच जॅकी जॉयनर-कर्सी या दमेकरी होत्या. सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉन शर्यतीत त्यांनी १९८८ साली सेऊल येथे आणि १९९२ साली बार्सिलोना येथे सुवर्णपदक जिंकले. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयातच व्यायामाने होणाऱ्या दम्याचे निदान झाले होते. २००३ साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून त्या वेळचा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. दम्याने त्यांना सोडले नव्हते. त्यांनी तो नियमित उपचाराने ताब्यात ठेवला होता.

याच इतिहासात एक दुःखद प्रकरणही आहे. १९७२ साली म्युनिक येथे रिक डीमाँट या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने पोहण्याची ४०० मीटरची शर्यत जिंकली. पण त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन हे निषिद्ध द्रव्य निघाले आणि त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. आज परिस्थिती पालटली आहे. पंपातून घ्यावयाची दम्याची नेहमीची औषधे ठरावीक मर्यादेत खेळाडूंस घेता येतात. तरीही जे राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळतात त्यांनी आपल्या औषधाबद्दलचा नियम स्पर्धेपूर्वी तपासून घेतलेला बरा.

आता उपचाराकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खेळताना वारंवार धाप लागणे हे बहुधा रोजचा दमा नीट आटोक्यात नसल्याचे चिन्ह असते. म्हणून डॉक्टर प्रथम चार प्रश्न विचारतात. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक झाला काय? रात्री दम्याने झोपमोड झाली काय? तात्काळ आराम देणारे औषध आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक घ्यावे लागले काय? दम्यामुळे एखादे काम वा खेळ टाळावा लागला काय? यांतील एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर उपचाराचा पुनर्विचार करणे अवश्य आहे.

दम्याचे पंप मुख्यतः दोन प्रकारचे असतात, आणि या दोहोंतील भेद न कळल्याने पुष्कळ अनर्थ होतो. पहिल्या प्रकारचे औषध आवळलेले स्नायू तात्काळ सैल करते. साल्ब्युटामॉल हे त्यातील सर्वपरिचित. दुसऱ्या प्रकारचे औषध श्वासनलिकेची मूळ सूज उतरविते. ही स्टिरॉइड जातीची औषधे होत. पहिल्याने चटकन बरे वाटते म्हणून लोक तोच जवळ बाळगतात. दुसऱ्याचा गुण दिसावयास दिवस-आठवडे लागतात, म्हणून तो पंधरा दिवसांत कपाटात जाऊन पडतो. परंतु सूज तशीच ठेवून केवळ स्नायू सैल करीत राहणे धोक्याचे आहे. अशा रीतीने केवळ पहिल्या पंपावर विसंबणाऱ्या रुग्णांस तीव्र झटका येण्याची भीती अधिक असते, हे दिसून आल्यामुळे दम्यावरील जागतिक तज्ज्ञमंडळाने २०१९ साली मोठ्या माणसांस व बारा वर्षांवरील मुलांस एकटे साल्ब्युटामॉल देण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, असा सल्ला दिला. स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल यांचे संयुक्त औषध आता पुष्कळांना दिले जाते. तेच रोजच्या वापरास, तेच गरजेच्या वेळी आणि तेच व्यायामापूर्वीही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

पंपाची सवय लागते, ही भीती घराघरांत ऐकू येते. अफू-दारूची जशी चटक लागते तशी पंपाची लागत नाही. औषध पुन्हा घ्यावे लागते याचे कारण आजार दीर्घकाळचा आहे, हे होय. स्टिरॉइडचे नाव ऐकून घाबरणाऱ्यांनी मात्रेचा हिशेब पाहावा. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातील मायक्रोग्रॅममध्ये. आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. औषध जेथे हवे तेथेच पोहोचते, म्हणून थोडके पुरते. हे औषध घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही व घसा बसत नाही. माँटेलुकास्ट नावाची गोळीही काहींना उपयोगी पडते. परंतु तिने क्वचित मनावर विपरीत परिणाम होतात, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये काढली. ही गोळी चालू असता मूल चिडचिडे, उदास झाले अथवा त्याला भयंकर स्वप्ने पडू लागली, तर ते डॉक्टरांस लगेच सांगावे.

रोजचा दमा ताब्यात आला तरी खेळताना थोडा त्रास उरलाच, तर खेळापूर्वी दहा ते पंधरा मिनिटे साल्ब्युटामॉलचे साधारणतः दोन फवारे घेण्यास डॉक्टर सांगतात. त्याचे संरक्षण दोन-तीन तास टिकते. परंतु हे औषध रोजच घ्यावे लागले तर त्याचा प्रभाव हळूहळू कमी होतो. तेव्हा तशी पाळी आल्यास मूळ उपचार वाढवावयाचा काय, हे विचारावे. फवारा घेण्याची रीतही शिकून घेतली पाहिजे. पंप हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत घेऊ लागताच कळ दाबावी, मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसऱ्या फवाऱ्यापूर्वी अर्धा-एक मिनिट थांबावे. लहान मुलांना हा मेळ साधत नाही; त्यांच्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी पंपास जोडतात. ती मोठ्यांनीही वापरण्यात कमीपणा मानू नये, कारण तिच्यामुळे घशात वाया जाणारे औषध छातीत उतरते.

औषधाइतकेच महत्त्व पूर्वतयारीला आहे. एकदम दौड सुरू न करता दहा-पंधरा मिनिटे अंग तापवावे. प्रथम चालावे, मग हळू धावावे, मध्येच थोडे जोराने धावून पुन्हा मंद व्हावे. सुमारे निम्म्या लोकांत अशा तयारीनंतर एक ते तीन तासांपर्यंत श्वासनलिका पुन्हा तितक्याशा आवळत नाहीत, असे आढळले आहे. आपल्या समाजास व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. वडोदऱ्यास माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने कित्येक पिढ्या घडविल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार देशाबाहेरही केला. संथ गतीने घातलेले पाच-दहा नमस्कार आणि त्यानंतर थोडे चालणे-धावणे, ही दमेकऱ्यास पूर्वतयारी म्हणून चांगली आहे. खेळ संपल्यावरही एकदम बसू नये. पाच-दहा मिनिटे चालत राहावे.

खेळाची निवड करताना एक तत्त्व ध्यानी ठेवावे. सलग बराच वेळ जोराने श्वास घ्यावा लागतो असे खेळ, उदाहरणार्थ लांब पल्ल्याचे धावणे किंवा फुटबॉल, अधिक त्रास देतात. ज्यांत धाव आणि विसावा आलटून पालटून येतो, असे क्रिकेट, खो-खो, बॅडमिंटन, मल्लखांब हे सोसण्यास सोपे. पोहताना पाण्यालगतची दमट हवा छातीत जाते, म्हणून पोहणे बहुतेकांना मानवते. मात्र बंदिस्त तलावावर क्लोरीनचा उग्र दर्प असेल तर तेच पोहणे बाधते. अर्थात याचा अर्थ फुटबॉलची आवड असलेल्या गोव्याच्या मुलाने तो सोडावा असा नाही. उपचार योग्य असेल तर तोही खेळता येतो.

गावोगावची हवाही सारखी नसते. ग्वाल्हेर व इंदूरकडे डिसेंबर-जानेवारीतील पहाट थंड आणि कोरडी असते, आणि धूर-धुके जमिनीलगत साचलेले असते. त्या दिवसांत सूर्य वर आल्यावर खेळावे, अथवा नाकातोंडाभोवती मफलर गुंडाळावा, म्हणजे सोडलेल्या श्वासाची ओल पुढच्या श्वासास मिळते. बेळगावच्या थंडीतही हीच दक्षता घ्यावी. हैदराबाद, वडोदरा यांसारख्या मोठ्या शहरांत रहदारीच्या रस्त्याकडेने धावण्यापेक्षा बाग वा मैदान गाठावे. गोव्याच्या दमट हवेत कोरडेपणाचा जाच कमी, पण पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी दम्यास पोषक ठरते. आणि सर्दी-पडसे, खोकला, ताप असता चार दिवस जोराचा खेळ बंद ठेवावा. ही विश्रांती कायमच्या बंदीसारखी अपायकारक नव्हे.

औषधाखेरीज लोक इतर उपायही करतात. मृगाच्या सुरुवातीस हैदराबादेत जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो दमेकऱ्यास गिळावयास देतात, आणि त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून हजारो लोक येतात. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा मी अवमान करीत नाही. परंतु त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. म्हणून तेथे जाणाऱ्यांनीही पंप बंद करू नये. प्राणायामाने श्वासाला शिस्त लागते व पुष्कळांना बरे वाटते, हे खरे. तथापि तोही औषधाची जागा घेऊ शकत नाही.

शेवटी धोक्याच्या प्रसंगाबद्दल सांगतो. खेळताना त्रास सुरू झाला तर ताबडतोब थांबावे. रुग्णास आडवे न करता ताठ बसवावे, धीर द्यावा. साल्ब्युटामॉलचा एक फवारा स्पेसरमध्ये सोडून त्यातून चार श्वास घेऊ द्यावे. असे एकामागून एक चार फवारे द्यावे. चार मिनिटे वाट पाहावी. उतार नसेल तर पुन्हा चार द्यावे. तरीही आराम पडला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवावे. रुग्णास एक वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील वा गुंगी येत असेल, तर वाट न पाहता आधीच रुग्णवाहिका बोलवावी. छातीचा आवाज एकाएकी बंद पडला आणि रुग्ण मात्र अस्वस्थच आहे, तर त्याला उतार समजू नये. हवा आतबाहेर जाईनाशी झाल्याचे ते लक्षण असू शकते.

यासाठी शाळांनाही एक सूचना करावीशी वाटते. दमेकरी मुलाचा पंप कार्यालयाच्या कुलपात न ठेवता मैदानावर, त्याच्या स्वतःच्या जवळ वा खेळाच्या शिक्षकांजवळ असावा. आणि तो कसा द्यावा हे शिक्षकांस आईबापांनी वर्षारंभीच समजावून द्यावे. डॉक्टरांकडून उपचाराची लेखी टाचण घेऊन तिची एक प्रत शाळेत ठेवावी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा मुलाने खेळावे की नाही असे न विचारता, त्याला खेळता यावे म्हणून काय करावे लागेल, असे विचारा. नियमित व्यायामाने शरीर काटक झाले म्हणजे तेवढ्याच श्रमाला कमी श्वास पुरतो आणि धाप लागण्याची वेळही लांबते. हा लाभ दमेकऱ्यास इतरांहून अधिक हवा असतो. तो त्याला मिळवून देणे आपल्या हाती आहे.